नारपोलीतली निळ्या गालाची आपा

गुरुवार, ७ फेब्रुवारी १९९१. सकाळी ठाण्याहून एसटीने भिवंडी, दुपारी नारपोली, संध्याकाळी घरी. सोबत जुनी चादर आणि सुतळी, चित्र बांधून आणायला.

चित्र माझ्या पत्नीचं, सुमनचं. भिवंडीच्या एका शाळेत ती चित्रकला शिकवायची. रंगांचे सुटे फटकारे मारून ऊनसावली पकडायची, ही इम्प्रेशनिस्ट पद्धत तिची आवडती. तसंच तिने एका विद्यार्थिनीच्या आईचं, फातिमाआपांचं, व्यक्तिचित्र काढून त्यांना भेट दिलं होतं. डिसेंबरात सुमन गेली. बाकीची चित्रं तिने आधीच वाटून टाकली होती. त्यात आपांच्या मुलाचा, सलीमचा, निरोप आला: 'चित्र अर्धवट राहिलंय. बोर्डवाला पेंटर शुक्रवारी पूर्ण करून देतो म्हणतो, चालेल ना?' मी निघालो.

कशेळीला ट्रकांची रांग. जाणार असाल तर पाणी आणि संयम घरून न्या. स्टँडवर खिमा-पाव चांगला मिळतो. रिक्षाचं भाडं आधी ठरवा. मी बसल्यावर विचारलं.

सलीमच्या घराला लागूनच त्यांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना; कामगारांचे पैसे आपांच्या हातात. त्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागतं, आणि मला तर बँकेतही 'जरा मोठ्याने' म्हणतात.

"बाईंना काय झालेलं?" आपा ओरडल्या.

"ताप!"

"काय?"

"ताप! डोक्यात गेला! चार दिवसांत..." तेवढ्यात वीज गेली, लूम थांबले आणि माझं "संपलं सगळं!" अख्ख्या गल्लीने ऐकलं. समोरचा पानवाला उठून उभा राहिला.

चित्र अरुंद बोळात टांगलं होतं, जेमतेम हातभर लांबून दिसेल असं. सलीमने टॉर्च लावला, कापड तपासायचं भिंग काढलं आणि गालावर धरलं. "देखो साहेब, इथं निळा, इथं हिरवा, मध्ये कॅनव्हास उघडा. कापड असतं तर व्यापाऱ्याने अख्खा तागा परत केला असता."

"माजा गाल निळा हाय काय?" आपांनी विचारलं.

मी म्हणालो, नाही.

चित्र मीच घेऊन जातो म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. अंधारात बांधता येईना, म्हणून आम्ही ते बाहेर नेऊन गल्लीपलीकडच्या भिंतीला टेकवलं. मी चादर उलगडू लागलो. वीज नसल्याने कामगार समोर कारखान्याच्या ओट्यावर येऊन बसले होते.

"अरे, आपा!" एकाने घाईघाईने बिडी विझवली.

"हेच ते तोंड," दुसरा म्हणाला. "ॲडव्हान्स मांगो, तो ऐसेच देखती है."

आपा दारातून बघत होत्या. हसल्या नाहीत. "सलीम, झाडाची सावली हाय रे ती गालावर. बाईंनी मला आंगणात बसवलेलं." मग माझ्याकडे वळून, "साहेब, चित्र न्हाय जायाचं."

"अम्मी, साहेब इतक्या लांबून आलेत."

"मग जेवून जातील."

"आणि पेंटर?" मी विचारलं.

"त्याला शटर रंगवू दे."

माझ्याकडे सुमनच्या हातचं एकही चित्र नव्हतं. वीज आली, लूम सुरू झाले. मी "राहू दे" म्हणालो, पण कोणालाच ऐकू गेलं नाही. आपा कानामागे हात धरून थांबल्या. पुन्हा म्हणावं की नाही, हे ठरवायला मला थोडा वेळ लागला. मग ओरडलो, "राहू दे! पण बोळात नको! लांबून दिसेल असं लावा!"

जेवण उत्तम होतं. जायचं तर शुक्रवारी जा, लूम बंद असतात.

आमच्या भिंतीवर ते चित्र मी एकट्यानेच पाहिलं असतं. तिथे त्याला बघून लोक बिड्या विझवतात. हे बरं झालं असं वाटतं. रोज नाही वाटत. त्या संध्याकाळी घरी आलो, तांदूळ धुतले आणि कुकर लावला.