चोख रक्त आणि सदोष कुपी

आमचे आण्णा, म्हणजे कुंडलचे जयपाल पाटील, पाहुण्यांपुढे एक गोष्ट छाती काढून सांगतात. "आमच्या घरातलं रगत भाईर गेलं न्हाई." याचा अर्थ आण्णांनी मामाची मुलगी केली. ती माझी आई, गुणमाला. आजोबांनीही मामाचीच मुलगी केली होती. त्यामुळे माझं काय करायचं, हा प्रश्न मी पाळण्यात असतानाच सुटला होता. आण्णांच्या थोरल्या बहिणीचा, कोरेगावच्या आत्याचा मुलगा जिनेश. बियाण्यांचं दुकान, स्वभाव गरीब, चष्मा जाड.

अशा तयार ताटावरून उठून मी सांगलीला पीएच.डी. करायला गेले. विज्ञानाच्या ओढीनं, असं मी चारचौघांत सांगते. खरं कारण एवढंच की पोरगी शिकतेय म्हटलं की लग्नाचं कोणी बोलत नाही. पण शिक्षण तरी किती पुरवून खाणार? यंदा आण्णांनी स्पष्टच सांगितलं, "प्रांजल, दिवाळीपतुर ते थीसिस हुतंय का बघ. झालं तर फुडं नोकरी कर, लग्नाचं मग बघू. न्हाई झालं तर कार्तिकात बार उडवायचा."

तेव्हा थीसिस संपवणं हाच माझा एकमेव किल्ला होता, आणि तो सगळा इंजेक्शनच्या बाटलीएवढ्या एका कुपीवर उभा होता.

माझा विषय असा. शरीरात कुठं दुखलं-खुपलं की तिथून रासायनिक हाळी दिली जाते आणि पांढऱ्या पेशी तिकडं धावतात. ती हाळी ऐकायला पेशीच्या अंगावर जणू कान असतात. त्यातल्या एका कानाचं नाव सीसीआर५. क्षयाच्या रुग्णांच्या पेशींवर हे कान किती, ते मला मोजायचं होतं. त्यासाठी उंदराच्या पेशींपासून बनवलेली अँटिबॉडी मिळते. ती नेमकी त्याच कानाला जाऊन चिकटते, आणि तिला लावलेला रंग मशीनमध्ये चमकतो. आईला हे सगळं समजावून सांगितलं, तर तिच्या कानात एकच शब्द गेला. "उंदराचं? आणि त्याच हातानं जेवतीस?"

जुनी कुपी संपली होती, नवी बर्फाच्या पेटीत बसून आली. नवी कुपी आधी निरोगी माणसांच्या रक्तावर वापरून बघायची असते. आमच्या गाइड संयोगिता मॅडमनी सांगितलं होतं, चार-पाच जणांचं रक्त घे. पण सुई दिसली की आमच्या मजल्यावरची माणसं गायब होतात. शिवाय मनातून मला वाटलं, चार-पाच कशाला? पिढ्यान्‌पिढ्यांच्या चोख रक्ताची मी इथं बसलेली असताना!

घेतलं माझंच. मशीनच्या पडद्यावर उजवीकडं छोटा उंचवटा यायला हवा होता. तिथं सपाट माळरान. दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं, अँटिबॉडी दुप्पट घातली. माळरान. मग मीठपाणी बदललं, नळ्या बदलल्या, मशीनला उदबत्ती तेवढी लावायची राहिली. माझे दोन्ही दंड निळे झाले, पण रक्तावर मी एकदाही संशय घेतला नाही. चोराला सोडून संन्याशाला फाशी देतात तशी मी कुपीला शिक्षा ठोठावली आणि कंपनीच्या प्रतिनिधीला बोलावून घेतलं.

ऋषिराज नावाचा तो पोरगा पुण्याहून आला. मी त्याला खुर्चीही दिली नाही. "कुपीत पाणी भरून पाठवता का? तुमच्यामुळं माझं लग्न लागेल!" अभिनंदन करावं की माफी मागावी, हे त्या बिचाऱ्याला कळेना.

माझा आवाज ऐकून मॅडम आल्या. त्यांनी बाही वर केली. "घे माझं, आणि मिटव एकदाचं."

पडद्यावर उंचवटा आला. सुबक, टेकडीसारखा.

कोणाही शहाण्या माणसाला इथं उजेड पडला असता. मला वाटलं, मॅडमच्या रक्तातच काहीतरी जादा आहे. मग मजल्यावरच्या बिराप्पा शिपायाला चहाचं आमिष दाखवून धरलं. पुन्हा टेकडी. ऋषिराजनं आपणहून हात पुढं केला. त्याचीही टेकडी. आता माळरान फक्त एकाच माणसाच्या नावावर उरलं होतं. मला हसू येत होतं आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती.

पुढं जनुकाची तपासणी झाली. माझ्या पेशींवर तो कान नाहीच, जन्मापासून नाही. आपल्याकडं फार दुर्मीळ, पण होतं असं. मॅडमनी धीर दिला, याच्यावाचून काही अडत नाही, उलट एचआयव्हीला आत शिरायचं नेहमीचं दार मिळत नाही.

आण्णा आणि आईला सांगलीला बोलावलं. आण्णांनी रक्त देताना बाही अशी सारली की आखाड्यात उतरतायत. दोघांचेही उंचवटे आले, पण खुरटे. मी कागदावर काढून दाखवलं. प्रत्येकाकडं त्या जनुकाच्या दोन प्रती असतात. घरात कुठूनतरी एक बिघडलेली प्रत आली आणि बाहेरची सून आलीच नाही म्हणून घरातच फिरत राहिली. दोघांकडं एक-एक चांगली होती, मला मात्र दोघांकडून बिघडलेलीच मिळाली.

आई म्हणाली, "म्हंजे आमी दोघांनीबी पोरीच्या हातावर खोटं नाणंच ठेवलं व्हय?"

आण्णांनी कागदावर बोट ठेवलं. "काय दुखणं हाय का ह्यात?"

"नाही, आण्णा. यात नाही."

"ह्यात न्हाई. पर अजून काय काय आसंल कुणाला ठावं." त्यांनी तिथंच आत्याला फोन लावला. "अक्का, जिनेशला भाईरची पोरगी बघ. राग धरू नगंस. आमच्या पोरीत काय कमी न्हाई, चूक झाली ती आमच्या बोहल्यावरच." मी त्यांचा हात धरला.

म्हणजे मी सुटले. इतकी वर्षं मनातल्या मनात घोटलेली सगळी भाषणं वाया गेली. कुपी निर्दोष ठरल्यामुळं थीसिसही आता वेळेत होणार होता. मी त्याच आनंदात सांगलीच्या गावभागात जाऊन भेळ घेतली.

तिथंच जिनेशचा मेसेज आला. "प्रांजल, लय उपकार झाले तुझ्या कुपीचे. खंडाळ्याची एक मुलगी हाय, रेश्मा. कॉलेजपासून ठरलंय आमचं. तू शिकतीयास म्हणून निभावलं. तुझं शिक्षण कवा संपतंय ह्याचीच भीती वाटायची."

हातातली भेळ मऊ पडली. आनंद व्हायला हवा होता; आला तो राग. ज्याला चुकवण्यासाठी मी सगळं तारुण्य नळ्या धुण्यात घातलं, तो गडी तितकीच वर्षं मला चुकवत होता. दोघांत अंतर कुंडल ते कोरेगाव. एसटीनं जाऊन एकदा नुसतं विचारलं असतं, तरी भागलं असतं.