उद्याच्या कोड्यातला शब्द

या सदराविरुद्ध याच संपादकांकडे मी दोन वेळा लेखी तक्रार केलेली आहे. भुताखेतांच्या गोष्टी छापून आपण वाचकांची बुद्धी बिघडवता, असे माझे म्हणणे होते आणि ते मी आजही मागे घेत नाही. पुराव्याशिवाय मी सख्ख्या भावाचेही कधी ऐकलेले नाही. तरीही हे निवेदन पाठवत आहे, कारण जे घडले त्याचा खुलासा मागण्यासाठी दुसरे दार आता उरलेले नाही. कृपया बुवा-मांत्रिकांचे पत्ते कोणी पाठवू नयेत. पाठवल्यास ते मी पोलिसांकडे देईन.

स्थळ सिल्वासा, टोकरखाड्यातील सरकारी वसाहत, तळमजल्यावरचे घर. काळ नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी प्रशासनात कायदेविषयक कामकाज पाहत असे. माझी पत्नी नलिनी तेथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवी. मूळचे आम्ही पेणचे. मूलबाळ नाही. मुंबईचे इंग्रजी वर्तमानपत्र रेल्वेने वापीला आणि तेथून बसने सिल्वासाला येई. संध्याकाळच्या चहाबरोबर त्यातले शब्दकोडे सोडवणे, हा आमच्या संसारातला एकमेव शौक.

हे कोडे सरळ प्रश्न विचारत नाही. उदाहरणार्थ, ‘वाहन आणि लाडका प्राणी मिळून जमिनीवर अंथरा.’ वाहन म्हणजे कार, लाडका प्राणी म्हणजे पेट, उत्तर कारपेट. आमच्या घरचा नियम असा, की उत्तर का आले हे सिद्ध झाल्याखेरीज चौकटीत अक्षर पडायचे नाही. नलिनीला उत्तर माझ्या आधी सुचे. मी पेन उचलत नसे.

“बसतंय ना चौकटीत? मग लिहा की.”

“कारण सांग.”

“अहो, चहा निवतोय. कोर्ट उठलं आता.”

“कारणाशिवाय नोंद नाही.”

“मी लग्नाला हो म्हटलं तेव्हा नाही विचारलंत कारण! तेव्हा बरी झटक्यात नोंद केलीत.”

एका सकाळी शाळेत, फळ्यासमोरच, तिला पक्षाघात झाला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. डोळे उघडे असत. पण भिंतीवरून फिरावेत तसे ते माझ्यावरून फिरत.

मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात अशा रुग्णांची वाचा परत आणण्याचे उपचार होत. तेथे प्रवेश मिळावा म्हणून मी पत्रे लिहिली, स्मरणपत्रे लिहिली, नियमांवर बोट ठेवून दाखवले. उत्तर एकच – रुग्णाला समज शिल्लक आहे, असा स्थानिक डॉक्टरांचा दाखला आणा. आणि डॉक्टर म्हणत, “काका, त्यांनी तुम्हाला ओळखल्याची एक तरी खूण दाखवा. मी उभ्या उभ्या लिहून देतो.”

ती खूण माझ्याजवळ नव्हती.

शेजारच्या रमीलाबेन दुपारी नलिनीजवळ बसायला येत. एके दिवशी मी स्वयंपाकघरात असताना त्यांची हाक आली. “काका, जल्दी आवो! टीचरबेन बोल्यां!”

मी धावलो. नलिनी छताकडे पाहत होती. स्पष्ट स्वरात म्हणाली, “पॅराफिन.” मग पुन्हा गप्प.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे मी तिच्या उशाशी बसून कोडे मोठ्याने वाचू लागलो. तो क्रम मी मोडला नव्हता. मधल्याच एका ओळीचे उत्तर निघाले – पॅराफिन. योगायोग म्हणून मी सोडून दिले. त्याच संध्याकाळी ती म्हणाली, “लाइटहाउस.” पुढच्या दिवशीच्या कोड्यात लाइटहाउस होते...

मग मी रीतसर पडताळणी सुरू केली. ती बोलेल तो शब्द मी कागदावर लिही आणि त्याखाली रमीलाबेनची सही घेई.

“सही तो करूं छुं काका, पण आ माताजीनी वात छे.”

“माताजी इंग्रजी कोडी सोडवत नाहीत, रमीलाबेन.”

“तमने शुं खबर?”

रोज एक शब्द, आणि तो दुसऱ्या दिवशीच्या कोड्यात. वर्तमानपत्राला सुट्टी असे, त्याच्या आदल्या दिवशी ती तोंड उघडत नसे. सुट्टीचे तिला कोणी सांगितलेले नसे. मी वर्तमानपत्राच्या कचेरीला रजिस्टर पोस्टाने विचारले, की कोडे कोण रचतो आणि केव्हा? पोच आली, उत्तर आले नाही. दुसरे पत्र अधिक कडक शब्दांत पाठवले. तेही गिळले गेले.

डॉक्टरांना सगळे सांगितले. ते हसले नाहीत, हे त्यांचे सौजन्य. म्हणाले, “बाई इंग्रजीच्या शिक्षिका, काका. डोक्यात हजारो शब्द साठलेले असणार, त्यातला एखादा बाहेर पडतो. आणि कोड्यात रोज वीस-तीस शब्द असतात. शब्द बाहेर पडणं म्हणजे बोलणं नव्हे.”

“रोज जुळतो, डॉक्टर!”

“जुळू दे. तुम्हाला हाक मारली का त्यांनी?”

उद्याच्या वर्तमानपत्रातले तिला कळत होते. समोर बसलेला मी कळत नव्हतो.

तरी माझ्या विनंत्यांना कंटाळून का होईना, ते एका दुपारी घरी आले. त्या दिवशी नलिनी तोवर काही बोललेली नव्हती. डॉक्टरांनी तिचा डावा हात हातात घेतला, माझ्याकडे बोट केले आणि विचारले, “बाई, हे कोण?”

तिने मान वळवली. माझ्याकडे पाहिले – निदान मला तसे वाटले – आणि म्हणाली, “हजबंड.”

रमीलाबेन पदर तोंडाला लावून रडू लागल्या. डॉक्टरांनी माझा खांदा दाबला. “घ्या काका! आणखी काय पाहिजे? उद्या दाखला घेऊन जा.”

ते गेल्यावर मी तिच्याजवळ बसलो. सुखाने मी तिची चादर पुन्हा पुन्हा नीट करत होतो. आणि मग ध्यानात आले, की त्या दिवसाचा शब्द तिने अजून उच्चारलेला नाही... किंवा उच्चारला आहे.

मी वाट पाहू लागलो. तिने आणखी एक शब्द बोलावा, कोणताही. बादली म्हणावे, घोडा म्हणावे. म्हणजे तो शब्द उद्याचा ठरला असता आणि ‘हजबंड’ माझा राहिला असता. “नलिनी, आणखी काही बोल ना,” मी म्हणालो. दिवे लागले, तिला पेज भरवली, तिचा डोळा लागला. ती बोलली नाही.

सकाळी मी बसस्थानकावर जाऊन वापीच्या बसची वाट पाहत उभा राहिलो. जन्मात प्रथमच एखादा शब्द छापलेला नसावा, अशी प्रार्थना करत होतो. कोणाची, ते विचारू नये. गठ्ठा सुटला तसा उभ्यानेच अंक उघडला.

आडव्या ओळींतले शेवटचे सूत्र असे होते – ‘हॉस्पिटल, अमेरिका आणि वादक एकत्र आले की विवाहित पुरुष होतो.’ हॉस्पिटलचे आद्याक्षर एच, अमेरिकेचे यू आणि एस, वादक म्हणजे बँड. अक्षरे चौकटीत चोख बसत होती. इतके निर्दोष सूत्र मी क्वचित पाहिले आहे.

काही सुज्ञ वाचक म्हणतील, की तो शब्द कोड्यातला असेल आणि तुमचाही असेल. संशयाचा फायदा द्यावा, हे तत्त्व मलाही ठाऊक आहे. आयुष्यभर मी तो इतरांना मिळवून दिला. स्वतःला देता आला नाही.

अंक दाखवला तेव्हा डॉक्टर वैतागले. “काका, तुम्हाला बायको बरी व्हायला हवी आहे की नको?” त्यांनी दाखला दिला. आम्ही मुंबईला गेलो.

तेथल्या तज्ज्ञांनी नलिनीला तोच प्रश्न विचारला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “अंब्रेला.” तज्ज्ञांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि ते पुढच्या पलंगाकडे गेले. त्यानंतर ती बोलली नाही, महिन्याभरात गेली.

हे कसे घडले, याचे स्पष्टीकरण तेव्हा माझ्याजवळ नव्हते, आज नाही, आणि कोणी देईल अशी आशाही नाही. ‘अंब्रेला’चे काय झाले, हेही मी सांगू शकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रवाला वॉर्डात आला, आमच्या पलंगापाशी थांबला. मी त्याला पुढे जायला सांगितले.