जुलाब नाहीत ना, मग झालं

पोटोबा हे नाव त्याला आत्याने ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की प्रयोगशाळेत त्याच्या गाईड मॅडमच्या तोंडूनही कधीकधी तेच निघे. अन्नातून पोटात गेलेले जंतू माणसाच्या आतड्याच्या पेशींत कसे घुसतात, यावर तो पीएच.डी. करत होता. कधीपासून, हे विचारायची सोय नव्हती. काकांनी एकदा विचारलं होतं, "काय रे, अजून घुसलेच नाहीत का ते?" सगळे पोट धरधरून हसले आणि हा भरल्या ताटावरून उठून गेला.

कारण खरोखरच घुसत नव्हते, आणि हीच तर रड होती. प्रयोगशाळेतल्या जंतूंना वर्षानुवर्षं आयतं खायला मिळालेलं. या बशीतून त्या बशीत त्यांची बडदास्त ठेवायची, ऊब द्यायची, वेळेवर खाऊ घालायचं. घरजावयासारखे सुस्तावले होते मेले. पोटोबा आतड्याच्या पेशी वाढवायचा, त्यांच्यावर हे जंतू सोडायचा, मग वरून एक औषध घालायचा. ते औषध पेशींच्या बाहेर राहिलेल्या जंतूंना मारतं. जे आत शिरले त्यांच्या केसालाही धक्का लावत नाही. मग पेशी फोडायच्या आणि आतून जिवंत काय निघतं ते बशीत उगवून बघायचं. पोटोबाच्या बशीत चार-दोन ठिपके उगवायचे. शेवटचं प्रकरण त्या ठिपक्यांपाशी अडून बसलं होतं. रुग्णाच्या अंगातून आलेला ताजा जंतू मिळाला तर काहीतरी होईल, असं मॅडम म्हणायच्या. पण तो मिळायचा कुठून?

घरच्यांना यातलं काही कळत नसे. त्यांना एवढंच ठाऊक, की आपल्या घरात पोटाचा डॉक्टर तयार होतोय. कुणाचं पोट बिघडलं की फोन पोटोबाला. "मी तसला डॉक्टर नाही हो, आणि जसला व्हायचंय तसलाही अजून झालेलो नाही," हे सांगून सांगून त्याने शेवटी हात टेकले आणि एक युक्ती काढली. फोन आला की विचारायचं, "जुलाब होतायत का?" होत असतील तर मीठ-साखरेचं पाणी प्या आणि डॉक्टरकडे जा. नसतील तर, "मग झालं. काही होत नाही." दोन वाक्यांत सुटका. लोकही खूश.

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा त्याने नुकतंच पेशींवर औषध घातलं होतं. आता वेळ चुकली तर सगळा दिवस पाण्यात. हातात रबरी मोजे, फोन कान आणि खांदा यांच्यात कसाबसा धरलेला.

"दादा, कणकण वाटतेय रे कालपासून. कंबर पण दुखतेय."

बहिणीला सातवा महिना होता.

"जुलाब?"

"छे, पोट अगदी ठणठणीत आहे."

"मग झालं. काही होत नाही. सातव्या महिन्यात कंबर दुखणार नाही तर काय होणार?"

"डॉक्टरांना दाखवू का पण?"

"पुढच्या आठवड्यात तपासणी आहे ना? तेव्हा विचार. ठेव आता, माझी वेळ चुकेल."

तिने ठेवला. लहानपणी दादाने सांगितलं म्हणून ती डोळे मिटून भिंतीवरून उडी मारायची, तसाच ठेवला.

तपासणीचा दिवस उजाडलाच नाही. त्याआधीच ताप भडकला, बाळाचं हलणं मंदावलं, आणि पोर अवेळी जन्माला आली. मूठभर जीव, काचेच्या पेटीत. रक्त तपासून डॉक्टरांनी जंतूचं नाव सांगितलं. बहिणीच्या नवऱ्याला ते नीट उच्चारताही येईना. "बहुतेक कापून ठेवलेल्या खरबुजातून, म्हणाले. फ्रीजमध्येच होतं हो," तो फोनवर सांगत होता. पोटोबा ऐकत उभा होता. ते नाव त्याच्या प्रबंधाच्या मुखपृष्ठावर होतं.

थंडीतही वाढणारा जंतू. पहिल्याच प्रकरणात त्याने स्वतः लिहिलं होतं, की गरोदर बाईला याची लागण झाली तर बहुधा जुलाब होत नाहीत. थोडा ताप, अंगदुखी, कंबरदुखी एवढंच, आणि म्हणून ते अंगावर काढलं जातं. मॅडमनी शेजारी "छान" असंही लिहिलं होतं. अडाण्याला माफ करता येतं. याचं काय करायचं? ज्या जंतूची त्याने इतकी वर्षं उठबस केली तो सख्ख्या बहिणीच्या आवाजात बोलला आणि याला ओळखू आला नाही. आजारी माणसात तो त्याने कधी बघितलाच नव्हता.

काही दिवसांनी रुग्णालयाकडून विभागात एक नळी आली. रीतच होती तशी. असे जंतू पुढच्या तपासासाठी इकडेच येत. चिठ्ठीवर नाव नव्हतं. "नवजात, रक्त," एवढंच, आणि तारीख भाचीच्या जन्माची.

"नशीब काढलंस!" मॅडम म्हणाल्या. "अगदी ताजा. लाव आजच."

ही माझी भाची आहे, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. बोलला असता तर मॅडमनी ते काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं. पण त्याला बघायचंच होतं. त्या पोरीच्या शिरेत थेंब-थेंब जाणाऱ्या दोन औषधांपैकी एक तेच होतं, जे तो रोज पेशींवर घालत आला होता. पेशी, जंतू, औषध. हात सवयीने चालत होते आणि मनात एकच घोकणं चाललं होतं: हेही आळशी निघू देत. घुसू नका रे बाबांनो. बशी कोरी राहू दे. आपला प्रयोग फसावा म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदाच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर बशी गच्च भरली होती. मोजायला जागा नव्हती; एवढे सगळे पेशींत घुसून औषधातून वाचले होते.

"अरे, झाली तुझी पीएच.डी.!" मॅडमनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या इतक्या मनापासून हसत होत्या की तोही हसला. मग हात धुवायला म्हणून गेला, नळ पूर्ण सोडला आणि तोंडात बाही कोंबून रडला.

दुपारी तो रुग्णालयात गेला. बहीण पेटीशेजारच्या बाकावर बसली होती. केस विंचरलेले नाहीत, डोळे खोल गेलेले.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"दुसरं औषध पण चालू आहे, वाट बघू, म्हणतात. सगळे तेच म्हणतात." तिने त्याचा हात धरला. तिचा हात बर्फासारखा होता. "दादा, औषध पोचतंय ना रे सगळीकडे? तुला तर यातलं सगळं माहितीये."

तो पेटीकडे बघत राहिला. पोरीची छाती भरभर वरखाली होत होती.

"त्या दिवशी..." तो म्हणाला. "फोनवर तू मला विचारलंस, तेव्हा मी..."

"तेच सांगणार होते तुला," ती मध्येच बोलली. "त्या दिवशी तू म्हणालास ना, काही होत नाही, तेव्हा मला इतकं बरं वाटलं. शांत झोपले होते रे मी. त्यानंतर झोपच नाही. परत एकदा म्हण ना तसं."

"अगं, ऐक तरी..."

"म्हण ना, दादा."

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, भिंतीवर उभी असताना बघायची तशी.

"काही होत नाही," तो म्हणाला.

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि थोड्याच वेळात तिला झोप लागली.