हापशावरचा प्रवेश

कॉलेजात दीपमालाला नाटकाचं वेड लागलं, ते लोणखेड्याहून गावी परतल्यावरही सुटलं नाही. गावात पोरं मिळेनात, म्हणून ती शिवारापलीकडच्या वसाहतीत गेली. धरणात गाव बुडाल्यावर सातपुड्यातून खाली आणून बसवलेली पावरा माणसं तिथं राहत. त्यांची तरुण मुलं संध्याकाळी तालमीला जमू लागली.

नाटक बुडालेल्या गावाचं असणार, असं दीपमालानं धरूनच ठेवलं होतं. पण त्यांच्यातली रुपा म्हणाली, “ताई, ते गाव आम्हाला नीट आठवत पण नाही. आठवतो तो तुमच्या गावचा हापसा.”

वसाहतीत पाणी नव्हतं त्या उन्हाळ्यात रुपाची आई त्या हापशावर गेली होती. एका माणसानं तिचा हंडा लाथेनं उडवला होता. तालमीतल्या धनसिंगनं त्या माणसाचं काम करून दाखवलं. “हाई पानी आम्हनं शे. तुम्हनं तुम्हना डोंगरमा धुंडा!”

तो हेल दीपमालाच्या ओळखीचा होता. “कोण होता तो?”

रुपानंच सांगितलं. “तुमचे आप्पा.”

दीपमाला काही दिवस तालमीला फिरकलीच नाही. घरी आप्पा, म्हणजे तिचे वडील पितांबर पाटील, नेहमीसारखेच होते. जेवताना “पोरले आखो वाढ,” असं आईला सांगत होते. तो प्रवेश काढा, असं सांगायला ती वसाहतीत गेली, पण रुपाला आईचं काम करत हंडा उचलताना पाहिलं आणि ते न सांगताच तालमीला बसली.

प्रयोग गावच्या चौकात होता. आप्पा पुढच्या खुर्चीत बसलेले पाहून धनसिंग मागं सरला. “ताई, माझे बाबा त्यांच्याच शेतात कामाला आहेत. नाही जमणार मला.”

रुपा तर हंडा घेऊन पुढं जाऊन उभी होती. दीपमालानं धनसिंगच्या डोक्यावरची टोपी काढून स्वतः घातली, पुढं गेली आणि आप्पांचं वाक्य आप्पांच्याच हेलात म्हणाली. मग हंड्याला लाथ मारली.

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. “बंद करा हाई!” म्हणत आप्पा उठले, आणि निम्मा चौक त्यांच्या मागोमाग गेला. आई मात्र जागची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी धनसिंगच्या वडिलांचं काम सुटलं. दीपमालानं आप्पांचे पाय धरले.

“मन्हा तोंडवर थुकनी तू,” आप्पा म्हणाले. “आते त्यासनासाठे हात जोडस?”

धनसिंगचं घर ऊसतोडीला गुजरातेत गेलं. त्याला तोंड दाखवायचाही तिला धीर झाला नाही. रुपाकडे ती भीतभीतच गेली.

“खापर गावात प्रयोग ठरलाय,” रुपा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की नाही, ते दीपमालाला कळेना. “धनसिंग नाही. त्याचं काम आता तुम्हालाच करावं लागेल.”

दीपमाला हो म्हणाली. आप्पा अजून तिच्याशी बोलत नाहीत.