रविवारचा हाफ शर्ट

दर रविवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना विलासभाऊ घाटोळे कपडे उतरवायला लागत. आधी कानटोपी, मग मफलर, मग जाड जॅकेट, त्याखालचे एकावर एक दोन स्वेटर. मग निळ्या चौकड्यांचा हाफ शर्ट चढवून, केस विंचरून ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी टॅबलेटसमोर बसत. नागपुरात तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असत. "बोल बेटा," म्हणून ते हसत आणि पुढची वीस मिनिटं त्या हाफ शर्टावर काढत. घरात जेमतेम आठ अंश तापमान असे.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय.

२०१५ च्या नोव्हेंबरात मी पुण्याहून डब्लिनपासून दीड तासावरच्या ॲथलोनला नोकरीसाठी आलो. विलासभाऊ आमच्याच ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगला होते. पन्नाशीला टेकलेले, काटोलकडचे, उंच आणि किडकिडीत. त्यांच्या घरातली एक खोली त्यांनी मला दिली आणि भाडं ऐकून मी हरखलोच. अट एकच होती. "हीटिंग लावायचं नाही, पुणेकर. बाकी घर तुझंच आहे." पुण्यात आम्ही काय थंडी पाहिली नाही का, अशा तोऱ्यात मी हो म्हणालो. तो तोरा आठवडाभरही टिकला नाही.

इकडे पुष्कळ घरं रॉकेलवर तापतात. मागच्या अंगणात मोठी हिरवी टाकी असते. आमच्या टाकीच्या तळाशी जे काही होतं, ते मी येण्याआधीपासून तसंच होतं. "आपल्याकडे रॉकेल रेशनवर भेटायचं ना," विलासभाऊ म्हणत, "मी अजून रेशनवरच आहो." इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. लोक त्यात टॉवेल उबदार ठेवतात. आमच्या हॉट प्रेसमध्ये दही आणि लोणचं राहायचं. सकाळी घालायचे कपडे आम्ही पांघरुणात घेऊन झोपायचो. संध्याकाळी खिचडीचा कुकर लागला की दोघं त्याच्याभोवती हात धरून उभे. तीन शिट्ट्या पुरत असताना विलासभाऊ पाच होऊ देत. त्यांची उधळपट्टी एवढीच.

मी कुरकुरलो की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "नागपूरचे पंचेचाळीस उन्हाळे साठवून आणले आहेत अंगात. संपल्यावर पाहू." शेजारच्या नोराबाई एकदा सोडा ब्रेड घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. आत बाहेरपेक्षा जास्त थंडी आहे की हो, म्हणाल्या. "ऑल ग्रँड, नोरा, ऑल ग्रँड," विलासभाऊ म्हणाले. सगळं मस्त, अशा अर्थाचा हा इथला शब्द त्यांनी आल्या आल्या उचलला होता आणि सगळ्यांना तोच देत होते. मुलीलासुद्धा.

मुलगी म्हणजे मुक्ता. पत्नी गेली तेव्हा ती दहावीत होती. नंतर ती नागपुरात आत्याकडे राहिली आणि एका खाजगी कॉलेजात डॉक्टरकीला लागली. आजारपणाने घर धुऊन नेलं होतं, त्यावर ही फी. विलासभाऊंचा पगार इकडे आला की तिकडे जायचा. मुक्ताला यातलं काही कळू नये, यासाठी तो रविवारचा हाफ शर्ट होता. ते मुद्दाम पांढऱ्या भिंतीसमोर बसत, कारण गडद पडद्यापुढे बोलताना तोंडातून निघणारी वाफ दिसते. हे त्यांनी आधी स्वतःचा व्हिडिओ काढून तपासलं होतं. टेस्टिंगवाला माणूस!

२०१६ च्या नाताळात मुक्ता दहा दिवसांसाठी आली. त्या तिकिटासाठी विलासभाऊ वर्षभर जपून राहिले होते. ती यायच्या आधी त्यांनी टाकी भरून घेतली, भिंतीवरची बुरशी घासून काढली, दोन दिवस आधीच हीटिंग लावलं. घर असं तापलं की मला माझ्याच खोलीची ओळख पटेना. "एक शब्द बोलायचा नाही," त्यांनी मला बजावलं. "तोंडातून काही निघालं तर तुझं सामान बाहेर." मी शब्द दिला.

दहा दिवस घरात संत्राबर्फी होती, हसणं होतं, आणि विलासभाऊ खरोखर हाफ शर्टात हिंडत होते. जाताना बसस्टँडवर विलासभाऊ तिकीट काढायला गेले, तेव्हा मुक्ता मला हळूच म्हणाली, "दादा, मला वाटायचं बाबा माझ्यासाठी इकडे हाल काढून राहिले. म्हणून मी रडतसुद्धा नव्हते फोनवर. बरं झालं येऊन पाहिलं. मस्त जमलंय त्यांचं. आता समजलं, ते वापस का येत नाहीत." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. सगळं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण शब्द दिला होता, आणि मी गप्प राहिलो.

संध्याकाळी हीटिंग बंद करताना मी विलासभाऊंना हे सांगितलं. त्यांनीच बटण दाबलं. "चांगलंच आहे मग," म्हणाले. "बाप मजेत आहे असं वाटू दे तिले. परीक्षेच्या टायमाला बापाच्या थंडीचा विचार कायले पाहिजे?"

त्यानंतर तिचे फोन आखडले. कधी अभ्यास, कधी वॉर्डात ड्युटी. ठरल्याप्रमाणे रविवारी तिनेच फोन करायचा असे, आणि विलासभाऊ दहाला तयार होऊन बसत. साडेदहा होत, पावणेअकरा होत. दंडावर काटा उभा राहिलेला मला ओट्यापासून दिसे. "निदान जॅकेट तरी घाला," मी एकदा चिडून म्हणालो. "आणि तेवढ्यात फोन आला तर?" ते म्हणाले. सलग तीन रविवार तो माणूस टॅबलेटच्या काळ्या स्क्रीनसमोर केस विंचरून बसला होता. इतकं एकटं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

चौथ्या रविवारी अकराच्या सुमाराला ते उठून वर बाथरूममध्ये गेले आणि टॅबलेट वाजला. मी कुकरपाशी उभा होतो. ओव्हरकोट, कानटोपी, मफलर, हातमोजे, असा सगळा जामानिमा अंगावर. टेबल चार पावलांवर होतं. टोपी काढायला वेळ होता. मी ती काढली नाही. फोन घेतला, आणि "बोल मुक्ता" म्हणताना तोंडातून भलीमोठी वाफ निघाली.

"दादा, तुम्ही बाहेर आहात का?"

"नाही. घरातच."

"मग हे काय घालून राहिले?"

 एक शब्द बोलायचा नाही, असं ठरलं होतं, आणि तो शब्द मी पाळला. फक्त टॅबलेट जिन्याकडे वळवला. विलासभाऊ खाली येत होते. दोन्ही हातांनी उघडे दंड चोळत, ओठ निळे पडलेले. आपल्याला कोणी पाहतंय हे त्यांना शेवटच्या पायरीवर कळलं. लगेच हात खाली घेतले आणि हसले.

"बोल बेटा! सगळं ग्रँड..."

"बाबा, आधी जॅकेट घाला. मग बोला."

"अगं, कायले..."

"जॅकेट घाला."

ते उभेच राहिले. मग खुर्चीवरचं जॅकेट उचललं. बोटं इतकी आखडली होती की चेन लागेना. ती मी लावून दिली आणि मागच्या अंगणात जाऊन त्या हिरव्या टाकीपाशी उभा राहिलो. आतून रडण्याचा आवाज येत होता. कोणाचा ते मी ऐकायला थांबलो नाही.

चार दिवस विलासभाऊ माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी खिचडीचं ताट माझ्यापुढे ठेवलं. "पुणेकर, तू लय बेइमान माणूस आहे," म्हणाले, आणि चमचाभर तूप जास्तीचं घातलं.

फी काही कमी झाली नाही, त्यामुळे घर थंडच राहिलं. पण रविवारी एक तास हीटिंग लागायला लागलं. मुक्ताचा हुकूम! विलासभाऊ टोपी घालूनच फोनवर बसत आणि वीस मिनिटांचे दोन-दोन तास होत. त्या हाफ शर्टाने आम्ही पुढे ओटा पुसत असू.

नंतर मला डब्लिनला नोकरी लागली आणि मी तिथल्या सिटीवेस्ट उपनगरात राहायला आलो. २०१९ मध्ये मुक्ताचं शिक्षण संपत आलं, तसे विलासभाऊ नागपूरला परतले. आता रविवारी दहाला त्यांचा मला फोन येतो. ते बनियनवर असतात, डोक्यावर पंखा गरगरत असतो. माझा फ्लॅट नवा आहे, बटण दाबलं की पाच मिनिटांत उबदार होतो. मी टी-शर्टात बसलेला असतो.

"काय चाललं, पुणेकर?" गेल्या रविवारी त्यांनी विचारलं.

"ग्रँड," मी म्हणालो. "एकदम ग्रँड."

ते स्क्रीनजवळ झुकले. टेस्टिंगवाल्या नजरेने माझ्याकडे, माझ्या मागच्या स्वच्छ, रिकाम्या खोलीकडे पाहत राहिले.

"आधी जॅकेट घाल," म्हणाले. "मग बोल."

मी हसायला गेलो, पण जमलं नाही. मग सांगितलं, "विलासभाऊ, शुक्रवारी ऑफिसातून आल्यापासून आत्ता तुमच्याशीच पहिल्यांदा बोलतोय."