वाण म्हणून एक शब्द

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये संक्रांत ते रथसप्तमी बायकांच्या पायाला भिंगरी असते. आज हिच्याकडे हळदीकुंकू, उद्या तिच्याकडे. परत येताना हातात वाण: चाळणी, डबा, प्लास्टिकची टोपली. तिसऱ्या मजल्यावरच्या नलिनी परुळेकरांना मात्र कुणाचं बोलावणं नसतं. यजमान गेले तेव्हापासून. उघड कोणी बोलत नाही, नुसतं विसरतात. असल्या विसरण्याची मला चीड येते, पण मी पुरुषमाणूस, या बाबतीत मला कोण विचारतंय!

नलिनीबाई पालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या. एखादा शब्द कुठून आला, वाटेत त्याचं काय काय झालं, हे सांगण्यात त्यांचा सगळा जीव. मुलगा सुयोग मेलबर्नला. तो फोनवर थोडं ऐकतो आणि 'आई, मीटिंग आहे' म्हणतो. ऐकायला कुणीतरी हवं, एवढीच त्यांची भूक. यंदा त्यांनी धीर करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे हळदीकुंकू, सगळ्यांनी यावं, वाण म्हणून एक इंग्रजी शब्द. खाली भराभर अंगठे आले.

ग्रुपवरच्या अंगठ्यांवर कोण विसंबतं? बाई विसंबल्या. सतरंजी घातली, तिळाच्या वड्या केल्या, करंडा घासून ठेवला. शब्द निवडला 'मेक'. सगळ्यांना येतो, म्हणजे कुणी बुजणार नाही.

बेल एकदाच वाजली. दारात शेजारच्या बिल्डिंगमधली प्रियंका, नटूनथटून.

"शीतलकडे ना हळदीकुंकू?"

"वरच्या मजल्यावर," बाई म्हणाल्या.

शीतलनेही त्याच संध्याकाळी हळदीकुंकू ठेवलं होतं, वाणाला स्टीलचे डबे. डब्यापुढे शब्दाला कोण विचारतो! वर पावलं वाजत होती, हसणं चाललं होतं. बाईंनी दार लावलं नाही, तसंच उघडं ठेवलं.

शेवटी लता आली ती पोळ्या करायला. ती आमच्याकडेही करते, हे सगळं तिनेच मला सांगितलं. रिकामी सतरंजी बघून ती थबकली.

"कोणी आलं नाय का, बाई?"

"तू आलीस की." बाईंनी करंडा पुढे केला.

लता मागे सरकली. "आमच्यात नसतं हळदीकुंकू. आम्ही जयभीमवाले. राग नका मानू हां."

बाई ओशाळल्या. रोज घरात येणाऱ्या बाईचं एवढंही आपल्याला ठाऊक नव्हतं.

"पण शब्द वाटणार होतात ना? खाली बोलत होते. तो द्या की."

लताने परातीत पीठ घेतलं आणि बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बोलू लागल्या. अभ्यासकांचा अंदाज असा की हजारो वर्षांपूर्वी या शब्दाच्या मुळाचा अर्थ होता मळणं. ओली माती हातांनी मळायची. त्या मातीच्या भिंती उभ्या राहिल्या, तेव्हा तोच शब्द घर बांधण्याला लागला. पुढे काहीही करण्याला. आता चहाही मेक, चूकही मेक, मैत्रीसुद्धा मेक.

"आणि पीठ मळण्याला?"

"त्याला आता वेगळा शब्द आहे."

"म्हणजे मूळच्या कामावरूनच काढून टाकला की बिचाऱ्याला!"

बाई मोठ्याने हसल्या. मग थांबेचनात. जर्मन भाषेतला त्याचा भाऊ सांगितला, जुन्या इंग्रजीतलं त्याचं रूप सांगितलं. पोळ्या झाल्या, ओटा पुसून झाला, तरी लता उभीच.

"एवढं छान सांगता, मग रोज का नाय बोलत? मी आले की तुम्ही आतल्या खोलीत जाऊन दार लोटता. मला वाटायचं, तुम्हाला माणूस नको असतं."

"मला वाटायचं, तुला घाई असते."

"घाई हाताला असते हो. कानाला काय?"

बाई ओट्याला टेकून रडायला लागल्या. त्या दिवशी आमच्या पोळ्यांना बराच उशीर झाला.