नलूने घातलेल्या ओळी

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या घरी भाजी निवडत बसले होते. कोपरीहून तिचा भाऊ बोलत होता. "ताई, नलूताई गेली," एवढंच म्हणाला... रडू आलं ते नंतर. पण गेले काही आठवडे आत जे धुमसतंय ते रडू नव्हे, तो संताप आहे, आणि तो नौपाड्यातल्या शोकसभेपासूनचा आहे. ज्यांच्या ऑफिसात आम्ही दोघी प्रोग्राम लिहायचो ते आमचे जुने साहेब माईकसमोर उभे राहून म्हणाले, "नलिनीकडून एकदा मोठी चूक झाली, पण तिने ती मोठ्या मनाने सुधारली." मोठ्या मनाने! समोर तिची आई बसली होती. मी ताडकन उठले. "साहेब, चूक तिची नव्हती, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे." कोणीतरी माझा पदर ओढला, कोणी "अहो, ही वेळ आहे का?" म्हणालं, आणि पुढचे वक्ते बोलायला लागले. तिथे राहिलेलं इथे लिहिते आहे.

नलूला स्वतःशी बोलायची सवय होती. ऑफिसात चहा करतानाही तिचं चालायचं, "पाणी घातलं, साखर घातली, आलं राहिलं..." मी चिडवायचे, तर म्हणायची, "अगं, बोललं की काय राहिलं ते कळतं." ऐंशीच्या दशकाच्या शेवटी डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्याचं काम आलं, तेव्हा तिने हीच सवय प्रोग्रामला लावली. कच्च्या मालाच्या किती गोण्या ओतल्या ते कामगाराने सांगायचं, बाकीची रसायनं किती घालायची ते प्रोग्राम सांगणार. एरवी तो गुपचूप काम करायचा. पण सुरू करताना नावापुढे 'बोल' एवढं लिहिलं, की प्रत्येक पायरीला काय धरलं, काय गुणलं ते पडद्यावर सांगत जायचा, इंग्रजी अक्षरांत, पण चक्क मराठीत. हवं तेव्हा बोलतं करा, नको तेव्हा गप्प ठेवा. मला ते फार आवडलं होतं.

साहेबांना नाही आवडलं. "गिऱ्हाईकासमोर मशीन बडबडायला लागलं तर काय वाटेल त्यांना? अर्धवट काम दिलं म्हणतील. घर बांधून झाल्यावर परांची ठेवतं का कोणी?" नलू शांतपणे म्हणाली, "मोटारीचं बॉनेट तर उघडतंच ना, साहेब?" झालं, त्यांचा पारा चढला. एका मुलीने उलट उत्तर द्यायचं म्हणजे काय! त्यांनी तिला समोर बसवून त्या सगळ्या ओळी काढायला लावल्या आणि मुका प्रोग्राम कारखान्यात पोचला.

काही महिन्यांनी लाल रंगाच्या बॅचेस काळपट निघायला लागल्या. कारखान्याचे मॅनेजर तावातावाने आले आणि साहेबांनी सगळ्यांदेखत नलूला झापलं, "घरचे विचार घरी ठेवून येत जा." आजही हे आठवलं की माझं डोकं भणभणतं. नलू उठली. तिने ओळी पुन्हा घातल्या आणि आम्ही दोघी कारखान्यात गेलो. तिथे भोईर नावाचे कामगार प्रोग्राम चालवायचे. त्यांच्यासमोर तिने 'बोल' लिहिलं. तिसऱ्या का चौथ्या ओळीला नलू थांबली, वळून भिंतीशी रचलेल्या गोण्यांकडे बघायला लागली. पडद्यावर होतं, गोणी पन्नास किलोची धरली आहे. गोण्यांवर छाप होता पंचवीसचा. कारखान्याने मधेच लहान गोण्या घ्यायला सुरुवात केली होती, त्यामुळे बाकीची रसायनं दुप्पट पडत होती. "आम्ही तुमच्या साहेबांना फोनवर कळवलं होतं की," मॅनेजर म्हणाले. साहेबांनी ते नलूला सांगितलंच नव्हतं.

आम्ही परतलो तेव्हा साहेब नुसतं म्हणाले, "झालं ना दुरुस्त? मग आता उगाळू नका." आणि बाहेर मात्र बिनदिक्कत सांगत राहिले की मुलगी नवीन होती, चुकली. ठाण्यात हा धंदा तेव्हा एवढासा, सगळे एकमेकांना ओळखणारे. नलू नोकरीसाठी जाईल तिथे ही कहाणी तिच्याआधी पोचलेली असायची. शेवटी तिने कोपरीत घरच्या घरी शिकवण्या घेतल्या. तिच्याइतक्या हुशार मुलीने हे करावं, आणि ज्यांच्यामुळे करावं लागलं त्यांनी तिच्या शोकसभेत मोठ्या मनाची भाषा करावी... मला हे सहन होत नाही, आणि मी ते करणारही नाही.

सभेनंतर काकू, म्हणजे नलूची आई, मला म्हणाल्या, "चूक तिची नव्हती, हे खरं का गं?" मी त्यांना रिक्षात घालून, वाटेत सगळी हकिगत सांगत, सरळ त्या कारखान्यात नेलं. जुनं मशीन अजून तिथेच आहे आणि भोईरही. काकू कोण ते कळल्यावर त्यांनी हात जोडले. "आई, तुमच्या पोरीची काय पन चूक नव्हती. मी हितंच उभा होतो. तवापासून आमी 'बोल' लिवल्याबिगर चालूच करत नाय." त्यांनी प्रोग्राम सुरू केला, ओळी येऊ लागल्या. "तिने काय लिहिलंय ते वाच," काकू म्हणाल्या. मी वाचलं, "गोणी पंचवीस किलोची धरली आहे. चूक असेल तर आत्ता सांगा."

काकू म्हणाल्या, "एवढं विचारत होती ती... मग सांगितलं का नाही तिला साहेबांनी?"